आधी प्लेट, मग जल्लोष

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. बेसबॉलच्या सामन्यात होमरन मारल्यावर, म्हणजे चेंडू कुंपणापार मारल्यावर, त्यानं बॅट उंच भिरकावली आणि अंपायरनं त्याला ताकीद दिली. त्याचे प्रशिक्षक म्हणतात, बॅट उडवायला बंदी आहे असं नियमपुस्तकात कुठंही लिहिलेलं नाही. मग ताकीद कशाला? – एक पालक

उत्तर : प्रशिक्षक म्हणतात ते खरं आहे. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, नियमांत बॅट फ्लिपवर बंदी नाही. गैरवर्तनाबद्दलचा ६.०४ हा नियम प्रेक्षकांना चिथावायला, प्रतिस्पर्ध्याला किंवा अंपायरला लागेल असं बोलायला, अंपायरच्या अंगाला मुद्दाम हात लावायला मनाई करतो. आनंदानं नाचणाऱ्याबद्दल तिथं अवाक्षर नाही. फेकलेल्या बॅटचा उल्लेख येतो तो वेगळ्या कारणानं. अख्खी बॅट हातातून सुटून चेंडूकडे जाणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या आड आली, तर ती मुद्दाम फेकली की चुकून सुटली हे न बघता अडथळा धरला जातो.

तरीही मुलांच्या सामन्यात ताकीद द्यायचा अधिकार अंपायरला असतो, आणि मी अंपायर म्हणून उभी असते तेव्हा तो वापरते. बॅट कशी फेकली यापेक्षा ती कुठं पडणार हे मी बघते. कॅचर आणि अंपायर बॅटरच्या अगदी पाठीशी असतात, पुढचा बॅटर थोड्या अंतरावर तयारीत असतो, आणि या सगळ्यांची नजर त्या क्षणी उडालेल्या चेंडूवर असते, बॅटवर नसते. उंच गेलेली धातूची बॅट कुणाच्या चेहऱ्यावर उतरेल ते फेकणाऱ्यालाही सांगता येत नाही. बॅट स्वतःच्या पायाशी सोडून मुलगा उड्या मारत पळाला, तर मी तोंडही उघडणार नाही.

२०२५च्या जुलैमध्ये न्यू जर्सीत एका बारा वर्षांच्या मुलानं लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉलच्या, सामन्यात होमरन मारून बॅट उडवली. त्याला सामन्याबाहेर काढलं, आणि पुढच्या सामन्यातही खेळता येणार नाही असं ठरलं. घरचे कोर्टात गेले. न्यायाधीशांनी त्याला खेळू द्या म्हणून सांगितलं आणि तो खेळला. मला विचाराल तर बॅट कुणाच्या जवळपास पडत नसेल, तर मुलाला बाहेर काढणं अतीच आहे. त्या वयात होमरन हा आयुष्यातला मोठा दिवस असतो. तुमच्या मुलाला एवढंच सांगा : बॅट खाली, पाय पहिल्या बेसकडे, मग हवा तेवढा हात उंचाव.

प्रश्न : मी क्रिकेट बघत मोठा झालो. शतक झालं की फलंदाज बॅट उंचावतो आणि समोरचे खेळाडूही टाळ्या वाजवतात. बेसबॉलमध्ये मात्र होमरननंतर थोडा आनंद दाखवला, तर पिचर (चेंडू टाकणारा) पुढच्या वेळी अंगावर चेंडू मारतो म्हणे. ही कसली रीत? – एक वाचक

उत्तर : वाईट रीत आहे. या सदरात मी एरवी दोन्ही बाजू मांडते, इथं मांडणार नाही.

मेजर लीगमध्ये जुन्या खेळाडूंनी चालवलेली एक अलिखित आचारसंहिता आहे. होमरन मारून चेंडूकडे बघत उभं राहू नका. बेसवरून रेंगाळत फिरू नका. आघाडी मोठी असेल आणि तीन बॉल, शून्य स्ट्राइक झाले असतील, म्हणजे पिचर अडचणीत असेल, तर पुढच्या चेंडूवर बॅट फिरवू नका. यामागचं म्हणणं असं की समोरच्या पिचरची आणखी शोभा करू नये. तेवढं मला समजतं, पटतंही. पण संहिता मोडणाऱ्याला शिक्षा कुणी द्यायची, तर पिचरनं, आणि कशानं, तर चेंडूनं. चेंडू ताशी १४५ किलोमीटरच्या पुढं जातो, पिचरची फळी ते होम प्लेट (बॅटर जिच्याशेजारी उभा असतो ती) हे अंतर १८.४४ मीटर. बॅटरच्या हातात अर्धा सेकंदही नसतो. १९२० साली क्लीव्हलँडचा बॅटर रे चॅपमन डोक्याला चेंडू लागून मरण पावला. तो चेंडू सूड म्हणून टाकला होता असं मी म्हणत नाही. पण चेंडू काय करू शकतो, हे या खेळाला तेव्हापासून माहीत आहे.

लिखित नियम इथं स्पष्ट आहे. पिचरनं मुद्दाम बॅटरच्या अंगावर चेंडू टाकला असं अंपायरला वाटलं, तर तो पिचरला किंवा पिचर आणि मॅनेजर (संघाचा मुख्य प्रशिक्षक) दोघांनाही बाहेर काढू शकतो, नाहीतर दोन्ही संघांना ताकीद देऊ शकतो. म्हणजे नियमात बॅट उडवणारा गुन्हेगार नाही, उट्टं काढणारा आहे.

प्रत्यक्षात काय होतं बघा. १४ ऑक्टोबर २०१५, टोरंटो विरुद्ध टेक्सस, मालिकेतला निर्णायक पाचवा सामना. सातव्या इनिंगमध्ये होजे बाउटिस्टानं तीन धावांचा होमरन मारला, क्षणभर थांबला आणि बॅट भिरकावून दिली. टोरंटोनं सामना ६-३ असा जिंकला. टेक्ससनं डूख धरला. मे २०१६मध्ये दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर आले तेव्हा बाउटिस्टाला चेंडू लागला, मग तो दुसऱ्या बेसवर जोरात घसरत गेला आणि रूग्नेड ओडोरनं त्याच्या जबड्यावर ठोसा लगावला. एक बॅट हवेत गेली, त्याची खुन्नस सात महिने टिकली.

ऑगस्ट २०२०मध्ये सॅन डिएगोच्या फर्नांडो टाटीस ज्युनियरनं १०-३ अशी आघाडी असताना तीन-शून्यवर ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, मारला. पुढचा बॅटर मॅनी मचाडो. त्याच्या पाठीमागून चेंडू गेला. मचाडोनं काय केलं होतं? काहीच नाही. पुढच्या वर्षी शिकागो व्हाइट सॉक्सच्या यर्मिन मर्सेडिसनं १५-४ अशी आघाडी असताना तीन-शून्यवर होमरन मारला, तोही पिचिंग करायला उभ्या केलेल्या एका क्षेत्ररक्षकाच्या चेंडूवर. त्याचे स्वतःचे मॅनेजर टोनी ला रूसा यांनी त्याला जाहीरपणे बोल लावले. दुसऱ्या दिवशी मिनेसोटाच्या पिचरनं मर्सेडिसच्या पाठीमागून चेंडू टाकला, तर ला रूसांनी त्यालाही हरकत घेतली नाही. आपल्याच खेळाडूच्या अंगाशी आलेला चेंडू मॅनेजरला चालतो, हे मला आजही पचत नाही. दोन्ही वेळा पिचरचं आणि त्याच्या मॅनेजरचं निलंबन झालं, ते योग्यच झालं.

दक्षिण कोरियात मात्र बॅट उडवणं हा खेळाचाच भाग आहे आणि पिचर ते मनाला लावून घेत नाहीत. खुद्द मेजर लीगनंही २०१८च्या प्लेऑफच्या वेळी ‘मुलांना खेळू द्या’ अशी जाहिरात केली. वारं बदलतंय, आणि मला ते हवं आहे.

प्रश्न : ताई, मी होमरन मारून नाचत आलो आणि नादात होम प्लेटला पाय लागलाच नाही, तर धाव मिळते का? – सातवीतला एक खेळाडू

उत्तर : तुझा प्रश्न मला फार आवडला. चेंडू कुंपणापार गेला तरी चारही बेसना पाय लागायलाच हवा. चुकलास तर अंपायर आपणहून काही बोलणार नाही, पण त्याला पाय चुकलेला दिसेल. समोरच्या संघानं वेळेत अपील केलं, तर तू आउट. डगआउटमध्ये (खेळाडूंच्या बसायच्या जागेत) शिरायच्या आधी लक्षात आलं, तर मागं फिर आणि प्लेट शीव.

मोठ्यांचंही हे झालंय. १९०८ साली न्यूयॉर्क जायंट्सच्या फ्रेड मर्कलनं, विजयी धाव झाली म्हणून, दुसऱ्या बेसला न शिवताच मैदान सोडलं. शिकागो कब्जनं त्याला आउट मागितलं, ती धाव रद्द झाली, सामना बरोबरीत गेला. तो पुन्हा खेळावा लागला तेव्हा जायंट्स हरले आणि लीगचं विजेतेपद कब्जना गेलं. मर्कल तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

मला जास्त लागतो तो १९५९चा किस्सा. पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सनं सलग ३६ बॅटर बाद केले होते, बारा इनिंग एकालाही बेसवर जाऊ दिलं नव्हतं. तेराव्यात मिलवॉकीच्या जो अ‍ॅडकॉकनं चेंडू कुंपणापार मारला. पुढचा रनर हँक अ‍ॅरन सामना संपला असं समजून दुसऱ्या बेसनंतर वळून निघाला, आणि अ‍ॅडकॉक त्याला ओलांडून पुढं गेला. पुढच्या रनरला ओलांडलं की मागचा आउट. होमरनचा डबल (दोन बेसचा फटका) झाला आणि सामना १-० असा नोंदला गेला.

आणि १९९९मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या रॉबिन व्हेंचुरानं पंधराव्या इनिंगमध्ये, तिन्ही बेस भरलेले असताना, चेंडू कुंपणाबाहेर मारला. सोबत्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्येच त्याला मिठ्या मारल्या. तो पुढं गेलाच नाही, म्हणून नोंद झाली फक्त सिंगलची, म्हणजे एका बेसच्या फटक्याची. मेट्स जिंकले, पण ७-३ऐवजी ४-३. तुझ्या संघातल्या सगळ्यांना सांगून ठेव : बॅटर प्लेटला शिवेपर्यंत त्याला कुणी धरायचं नाही.

प्रश्न : पिचरनं स्ट्राइकआउटनंतर (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद केल्यावर) ओरडलेलं चालतं का? – एक वाचक

उत्तर : चालतं. आपल्या डगआउटकडे तोंड करून ओरडा. बॅटरकडे बघून ओरडलात, तर मी ताकीद देईन.

प्रश्न : सामना जिंकल्यावर मुलं होम प्लेटवर एकमेकांवर ढीग करतात. थांबवावं का? – शाळेतल्या एक क्रीडाशिक्षिका

उत्तर : ढीग थांबवा, बाकी सगळं चालू द्या. मे २०१०मध्ये मेजर लीगमधल्या एंजल्स संघाच्या केंड्रिस मोरालेसनं सामना जिंकून देणारा ग्रँड स्लॅम मारला, वाट बघणाऱ्या सोबत्यांमध्ये प्लेटवर उडी घेतली आणि पाय मोडून घेतला. तो हंगाम गेला आणि पुढचा २०११चाही. मार्च २०२३मध्ये पोर्तो रिकोनं डॉमिनिकन रिपब्लिकला हरवलं, त्या आनंदात उड्या मारताना त्यांचा पिचर एडविन डियाझ याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि त्याचा अख्खा हंगाम बुडाला. ही तर कसलेली शरीरं. मुलांना प्लेटभोवती गोल करायला सांगा, बॅटर येईल ती वाट मोकळी ठेवा, आणि बेसवरून येणाऱ्याचं हेल्मेट डगआउटमध्ये जाईपर्यंत डोक्यावरच राहू द्या. पाठीवर थापा मारायला, उचलून घ्यायला, गाणी म्हणायला कसलीच आडकाठी नाही.