निपाणी-चिकोडी भागात पुराआधी गावातल्या संस्थांनी एकत्र कसं यावं?

तुमच्या गावात तरुण मंडळ, बचत गट, दूध संस्था असं सगळं आहे, पण पूर आला की जो तो आपापला धावतो, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही तेच होतं.

आधी कामं वाटून घ्या, जूनच्या आत. वेदगंगा-दूधगंगेचं पाणी वरून, कोल्हापूर जिल्ह्यातून येतं. म्हणून वरच्या गावांतल्या पाहुण्यांचे फोन नंबर एकाकडे ठेवा. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून विसर्ग वाढला की तिकडून लगेच कळतं. 2019 आणि 2021 च्या पुरात निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्गच बंद झाला होता, म्हणून औषधं, पशुखाद्य आधीच गावात हवं.

जनावरांचं काम दूध संस्थेलाच द्या. कुणाच्या दावणीला किती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं, आणि माणूस म्हशीपायीच घर सोडत नाही! म्हातारी माणसं, बाळंतिणी यांची यादी बचत गटाच्या बायका बसल्या जागी सांगतील.

पाणी ओसरल्यावर मात्र घाई नको. चिखल काढण्याआधी फोटो, मग पंचनामा. आणि आपला भाग कर्नाटकात, म्हणून कन्नडमध्ये अर्ज नीट लिहिणारं एक पोर मंडळात हवंच, नाहीतर नुकसानभरपाईसाठी हेलपाटे ठरलेले.