बायपासनंतर काका तिसऱ्या दिवशीही व्हेंटिलेटरवर आहेत. फुप्फुसांना मशीनची सवय लागते का?

मी इंदूरला आयसीयूत फिजिओथेरपिस्ट आहे. हा प्रश्न नातेवाईक मला दाराशी थांबून, हळू आवाजात विचारतात.

व्यसनासारखी सवय लागत नाही. पण छाती आणि पोटामधला पडदा, म्हणजे श्वासाचा मुख्य स्नायू, काम थांबलं की दोन-तीन दिवसांतच अशक्त होऊ लागतो, प्लास्टरमध्ये राहिलेल्या हातासारखा. त्यात छातीचं हाड कापलेलं. दुखतं म्हणून खोल श्वास घेववत नाही, फुप्फुसांचा खालचा भाग मिटतो. बायपासनंतर बहुतेकांची घशातली श्वासाची नळी काही तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी निघते. तेव्हा उशीर का, हे विचाराच. आशा मात्र सोडू नका.

डॉक्टर ज्याला ‘वीनिंग’ म्हणतात ते असं: सकाळी गुंगीचं औषध कमी करायचं, मशीनचा आधार उतरवायचा आणि अर्धा ते दोन तास पेशंटला स्वतः श्वास घेऊ द्यायचा. हीच ट्रायल. त्यात एक आकडा बघतात: मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासातली हवा, लिटरमध्ये. २५ श्वास, प्रत्येकी ४०० मिली, तर ६२ च्या आसपास. १०५ च्या खाली असेल तर चांगलं. तरी नुसत्या आकड्यावर नळी काढत नाहीत. शुद्ध, कफ, खोकल्यातला जोर, सगळं बघतात. नाही जमलं तर त्या दिवशी आराम, उद्या पुन्हा.

काकांशी बोला, आणि मराठीत बोला. नळी स्वरयंत्रातून जाते म्हणून बोलता येत नाही, पण बऱ्याचदा ऐकू येत असतं. रामबागेतल्या एका आजी आमच्या “अम्मा, आँखें खोलो”ला सकाळभर हलल्या नाहीत. मुलगी कानाशी “आई, डोळे उघड ना” म्हणाली आणि त्यांनी तिचं बोट धरलं. मान हलवून हो-नाही सांगता येईल असंच विचारा. हात बांधलेले दिसले तर घाबरू नका, गुंगीत पेशंट नळी ओढतात.

नळी निघाल्यावर नर्स सांगेपर्यंत पाणी देऊ नका. ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं छोटं यंत्र, त्यातून हवा आत ओढायची असते. घरचे “फुंका, फुंका” म्हणतात, ते उलटं आहे. खोकताना उशी छातीशी घट्ट धरायला सांगा.

आज भेटीच्या वेळी डॉक्टरांना एवढं विचारा: कालची ट्रायल किती वेळ टिकली, आणि कशामुळे थांबवली?