एचआयव्ही असलेल्या भावाच्या तोंडात, टाळूवर जांभळा डाग आहे, कापोसी सार्कोमा हा कर्करोग सांगितलाय. तो पोटातही असू शकतो का?

हो, असू शकतो. कातडीवर एकही डाग नसताना आतड्यात गाठी सापडलेले रुग्णही असतात. बऱ्याचदा त्रास काहीच होत नाही. झालाच तर पोटदुखी, मळमळ, वजन उतरणं, किंवा शौचाला डांबरासारखं काळं, चिकट होणं. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळं होतं, पण तेच कारण धरून घरी बसू नका. सोबत चक्कर येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुर्बिणीतून लालसर-जांभळे चट्टे किंवा गाठी दिसतात. तुकडा काढून तपासतात, पण गाठ अस्तराखाली दडलेली असली तर त्यात काहीच सापडत नाही. डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलं तर कृपया टाळू नका.

याच्या मुळाशी एचएचव्ही-८ हा १९९४ साली सापडलेला विषाणू आहे. प्रतिकारशक्ती खचली की तो डोकं वर काढतो. म्हणून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, हाच उपचाराचा पाया, एकही गोळी चुकू देऊ नका. आजार पसरलेला असेल तर जोडीला केमो, बहुधा लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन. आणि कुणी दुसऱ्या कशासाठी स्टेरॉइड लिहून दिलं तर आधी कापोसीचं सांगा, त्याने हा आजार भडकू शकतो.