माझे शेअर ब्रोकरने शॉर्ट सेलरला उसने दिले. हे थांबवता येईल का?

प्रश्न : मी अमेरिकेत राहतो. तेथील ब्रोकरकडे माझे सुमारे ५०,००० डॉलरचे शेअर असून त्यांच्यावर मी १०,००० डॉलरची उचल घेतली आहे. त्यांतील काही शेअर ब्रोकरने शॉर्ट सेलरना (उसने शेअर विकून, भाव पडल्यावर ते स्वस्तात परत घेणाऱ्यांना) उसने दिल्याचे मला आता कळले. हे बेकायदा नाही का? फार चढ्या भावाची विक्रीची ऑर्डर लावून ठेवली, तर ब्रोकरला शेअर उसने देता येत नाहीत, असे काही जण सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लवकर संपणारे आहे. ती केवळ दंतकथा आहे. प्रलंबित विक्री-ऑर्डरमुळे शेअरवरील ब्रोकरचा हक्क कमी होत नाही आणि उसनवारीही थांबत नाही.

पहिल्याचे उत्तर आपण सही केलेल्या कागदांत आहे. मार्जिन खात्यातील, म्हणजे शेअरवर ब्रोकरकडून उचल घेता येणाऱ्या खात्यातील, शेअर उसने देण्यासाठी ‘फिन्रा’च्या (अमेरिकेतील ब्रोकरांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेच्या) नियम ४३३० नुसार ग्राहकाची लेखी संमती लागते; पण ते कलम मार्जिन करारात बहुधा असतेच आणि खाते उघडताना ते कोणी वाचत नाही. मात्र या संमतीलाही मर्यादा आहे. अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या नियम १५सी३-३ प्रमाणे, ग्राहकाच्या थकीत उचलीच्या १४० टक्क्यांपर्यंतच्या किमतीचे शेअरच ब्रोकरला वापरता येतात. आपल्या बाबतीत ही रक्कम १४,००० डॉलर होते. उरलेले ३६,००० डॉलरचे शेअर ब्रोकरने आपल्यासाठी ताब्यात ठेवले पाहिजेत. ते उसने घ्यायचे असतील, तर स्वतंत्र लेखी करार आणि आपल्याला पुरेसे तारण देणे बंधनकारक आहे. म्हणून नेमके किती शेअर दिले आणि कोणत्या कराराखाली, हे ब्रोकरला लेखी विचारावे. पूर्ण किंमत चुकती केलेल्या शेअरच्या उसनवारी-योजनेत आपण नकळत ‘होकार’ची खूण केली असण्याचीही शक्यता आहे, तेव्हा त्या कागदाची प्रतही मागावी.

शॉर्ट सेलरच्या विक्रीने भाव पडला म्हणून भरपाई मागण्याच्या वाटेला मात्र जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या मूठभर शेअरमुळे भाव किती घसरला, हे कोणालाही सिद्ध करून दाखवता येणार नाही. खरे नुकसान दुसरीकडे असते. शेअर उसने असताना लाभांश जाहीर झाला, तर आपल्याला लाभांशाऐवजी त्याच्या बदली तेवढी रक्कम मिळते. सवलतीच्या करदराला पात्र असलेल्या लाभांशाला ०, १५ किंवा २० टक्के कर लागतो. या बदली रकमेवर मात्र आपल्या सर्वसाधारण उत्पन्नाच्या दराने कर बसतो. करासाठी ब्रोकरकडून मिळणाऱ्या आपल्या १०९९-एमआयएससी फॉर्मचा आठवा रकाना पाहा. तेथे आकडा असेल, तर आपले शेअर त्या काळात बाहेर होते, असे समजण्यास जागा आहे. शिवाय उसन्या दिलेल्या शेअरवरचा मताधिकारही त्या काळापुरता आपल्याकडे राहत नाही.

पुढे हे घडू नये म्हणून उचल फेडून शेअर रोख खात्यात वळवावेत आणि उसनवारी-योजनेतून नाव काढावे. ब्रोकर हा मधला दुवाच नको असेल, तर शेअर कंपनीच्या ट्रान्सफर एजंटकडे (भागधारकांची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडे) थेट आपल्या नावावर नोंदवून घेता येतात. मात्र मग विक्रीला वेळ लागतो आणि त्यांवर उचल मिळत नाही, त्यामुळे वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्याला मी हा मार्ग सुचवत नाही.

ब्रोकरला पत्र लिहिताना तीन गोष्टी मागाव्यात : उसनवारीची संमती मागे घेतल्याची नोंद, बाहेर असलेले शेअर कोणत्या तारखेला परत आले याचे उत्तर आणि सर्व शेअर रोख खात्यात असल्याची लेखी खातरी. ती खातरी पुढच्या मतदानाच्या वा लाभांशाच्या नोंदणी-तारखेपूर्वी हातात यावी. ठरलेल्या मर्यादेबाहेर शेअर दिल्याचे उत्तरातून दिसले, तर प्रकरण फिन्राच्या लवादापुढे नेता येईल. त्यासाठी घटनेला ६ वर्षे उलटून गेलेली नसावीत.