प्रश्न आलाय: एस्टेट सेलमध्ये (गेलेल्या माणसाच्या घरातल्या सामानाच्या विक्रीत) लेबल नसलेली बंदुकीची पावडर मिळाली. लाल कण आहेत, म्हणजे रेड डॉटच ना, ती शॉटगनच्या काडतुसात भरतात ती? बारा गेजच्या शॉटगनची काडतुसं भरू का?

नाही. टाकून द्या. एवढंच उत्तर होतं, पण ‘लाल कण म्हणजे रेड डॉटच ना’ हे वाचलं आणि जुनी खपली निघाली.

आम्ही ओहायोत, डेटनजवळ. बाजूच्या व्हँडेलियाला ‘ग्रँड अमेरिकन’ ही ट्रॅप नेमबाजीची (हवेत उडवलेल्या चकत्या शॉटगनने टिपायच्या) मोठी स्पर्धा भरायची. २००६ पासून ती इलिनॉयच्या स्पार्टाला भरते. स्पर्धा गेली तरी नेमबाज इथेच म्हातारे झाले. त्यांच्यातलं कोणी गेलं की गॅरेजमधून प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र), छर्ऱ्यांच्या पिशव्या आणि असल्या बेवारस बरण्या हमखास निघतात.

आमचे मोठे साडू अशीच एक बरणी घेऊन आले. करड्या चकत्या, मधेमधे लाल. बरणीचं प्लास्टिक आतून तपकिरी पडलेलं. साडू केमिकल इंजिनिअर, त्यामुळे बोलायची सोय नाही. माझ्या डब्यातली चिमूटभर रेड डॉट कागदावर टाकली, शेजारी बरणीतली, भिंग लावलं. ‘सेम आहे!’ मग दोन्ही ताटलीत पेटवल्या, दोन्ही भसकन जळाल्या. झालं सिद्ध!

अहो, उघड्यावरच्या जळण्याचा काडतुसातल्या जळण्याशी काय संबंध? कोंडलेल्या जागेत दाब चढतो तशी ही पावडर आणखी वेगात जळते, सगळा खेळ त्यावरच. साध्या पावणेतीन इंची बारा गेज काडतुसाला दाबाची मर्यादा ११,५०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड). रायफलच्या मानाने फारच कमी, कारण नळीच पातळ. ते ताटलीत कुठून कळणार? लाल कण ही कंपनीची खूण खरी, पूर्वी हर्क्युलिसची, आता अलायंटची. पण प्रेसच्या हॉपरमधली (पावडर ओतायच्या भांड्यातली) उरलेली पावडर भलत्याच बरणीत ओतणारे महाभाग प्रत्येक क्लबात असतात. लाल कणांबरोबर आणखी काय मिसळलंय, ते भिंगातून दिसत नाही.

यावर साडू म्हणाले, ‘मग आधी कमी भरू, हळूहळू वाढवू.’ हे रायफलवाल्यांचं गणित! शॉटगनला हल (काडतुसाचं कवच), प्रायमर (ठिणगी देणारी टोपी), वॅड (पावडर आणि छर्ऱ्यांमधला बोळा), छर्ऱ्यांचं वजन, सगळं छापील कोष्टकात असेल तसंच लागतं. फार कमी भरलं तर वॅड नळीतच अडकतो, आणि ते न पाहता पुढचा बार काढलात तर नळी फुगते नाहीतर फाटते. डावा हात तिच्याखालीच असतो.

बायको म्हणाली, ‘जाऊ दे ना, मोठे आहेत ते.’ मी माझं प्रेस काही त्यांना दिलं नाही. अजून दिवाळीच्या फराळाला ते माझ्या भित्रेपणाचा किस्सा रंगवून सांगतात. सांगोत बापडे.

हां, कारखान्याचं सील शाबूत असलेला, लेबलवाला डबा असेल तर गोष्ट वेगळी. तरी उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला किंवा तपकिरी वाफ दिसली तर तीही पावडर गेली समजा. ईथर-ॲसिटोनसारखा वास मात्र नेहमीचाच असतो. तुमच्या बरणीत पावडर थोडीशीच असेल तर ती घरापासून लांब, मोकळ्या जमिनीवर अगदी पातळ पसरा. जास्त असेल तर आधी फायर डिपार्टमेंटला फोन करा, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. आणि ताटलीत पेटवून बघायची हौस साडूंसाठी राहू द्या.