हातांआधी पाय

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. संघात गोलरक्षक म्हणून निवड झाल्यापासून तू रोज तासभर केवळ सूर मारण्याचा सराव करतोस, असे तू अभिमानाने कळवले आहेस. सूर मारता आलाच पाहिजे. पण जागा धरून उभ्या राहणाऱ्या गोलरक्षकावर ती वेळ कमी येते, आणि हातांवर तू जेवढी भिस्त ठेवली आहेस, तेवढी मोकळीक फुटबॉलच्या नियमांनी त्यांना आता ठेवलेली नाही.

१९१२ पूर्वी गोलरक्षकाला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताळता येत असे. त्या वर्षी ही मुभा पेनल्टी क्षेत्रापुरती, म्हणजे गोलरेषेपासून साडेसोळा मीटरपर्यंत, आखडली गेली. पुढे १९९० च्या विश्वचषकात बचावपटू आणि गोलरक्षक चेंडू आपापसांत फिरवून वेळ काढत असल्याची ओरड झाली, आणि १९९२ मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू हातात घेण्यास बंदी आली. डोक्याने, छातीने किंवा गुडघ्याने दिलेला चेंडू घेता येतो, चुकून पायाला लागून आलेलाही घेता येतो. हा नियम नवा असताना कोल्हापुरातल्या एका सामन्यात माझ्या बचावपटूने घाईघाईने मागे ढकललेला चेंडू मी जुन्या सवयीने उचलला. गोलपासून साडेपाच मीटरवर प्रतिस्पर्ध्यांना अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे थेट गोल न करता आधी दुसऱ्या खेळाडूला चेंडू लागावा लागणारी किक, मिळाली, आमचे अकराच्या अकरा खेळाडू दोन खांबांच्या मध्ये दाटीवाटीने उभे राहिले, आणि तरीही कोणाच्या तरी पायांमधून चेंडू आत गेला. प्रेक्षक त्यानंतर मला काय म्हणाले ते पत्रात लिहिण्याजोगे नाही. आपल्या पेठांमधली भाषा तुला ठाऊक आहेच.

२०२५ पासून हातांची मुदतही ठरली आहे. चेंडू हातात नीट आला की आठ सेकंदांत सोडावा लागतो. शेवटची पाच सेकंदे पंच हात उंचावून मोजून दाखवतात, आणि उशीर झाल्यास प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. पूर्वी मर्यादा सहा सेकंदांची होती, पण अप्रत्यक्ष फ्री किकची शिक्षा फार जड वाटत असल्यामुळे पंच ती क्वचितच देत. कॉर्नर देताना त्यांना तेवढा संकोच वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा सराव पायांपासून सुरू कर. दोन्ही खांबांच्या बुडाशी एकेक दोरी बांध आणि त्यांची मोकळी टोके गोलच्या मध्यासमोर ११ मीटरवर, चेंडूपाशी, एका खुंटीला बांध. गोलरेषेवर उभा राहिलास तर तुला ७.३२ मीटर राखायचे असतात. चार मीटर पुढे आलास की दोऱ्यांमधले अंतर साधारण ४.६६ मीटर उरते. आता खुंटी डावीकडे हलव, दोऱ्यांची नवी पाचर बघ आणि छोट्या पावलांनी तिच्या मधोमध सरक. पाय एकमेकांत अडकवून धावू नकोस. मात्र फार पुढे आलास, तर मागे २.४४ मीटर उंचीचा गोल मोकळा पडतो आणि डोक्यावरून अलगद टाकलेला चेंडू तुला नुसता बघत राहावा लागतो. किती पुढे यायचे, हे समोरच्याची मान खाली आहे की वर, यावरून ठरव.

पेनल्टीला ही सवलत नाही. किक बसण्याच्या क्षणी तुझ्या एका पायाचा निदान काही भाग गोलरेषेवर टेकलेला, तिच्या बरोबर वर हवेत किंवा तिच्या मागे असावा लागतो. आधी पुढे झेपावून चेंडू अडवलास, तर किक पुन्हा घेतली जाते.

पुढच्या पत्रात सूर किती मारलेस ते कळवू नकोस. डाव्या पायाने दिलेल्या वीस पासांपैकी किती सहकाऱ्याच्या पायापर्यंत पोहोचले, तेवढे कळव.

तुझा,
जुना गोलकीपर