सिक्युरिटी एजन्सीच्या गार्डला बंदूक बाळगायची तर लायसन्स कुणाच्या नावावर लागतं? एजन्सीच्या पसारा (PSARA, खाजगी सिक्युरिटी एजन्सी चालवायचं) लायसन्सवर चालतं का?

नाही चालत. पसारा (2005 चा कायदा) एजन्सीचा धंदा चालवायला आहे, बंदुकीचं सगळं 1959 च्या आर्म्स ॲक्टखाली येतं. ते लायसन्स शहरात सीपी (पोलीस आयुक्त) ऑफिसातून मिळतं, बाकी जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसातून. गनमन म्हणून दारात उभे दिसतात ते बहुतेक आमच्यासारखे रिटायर्ड फौजी, स्वतःची बंदूक, स्वतःच्या नावाचं लायसन्स.

मी पुण्यात एका सराफाच्या दुकानावर होतो, बारा बोअर डबल बॅरल (दोन नळ्यांची) बंदूक, माझी स्वतःची. दिवसपाळी माझी, आणि रात्रीला एजन्सीवाल्या साहेबांनी साधा गार्ड ठेवला, कारण गनमनला पगार जास्त द्यावा लागतो. मग मला म्हणाले, फौजी, जाताना बंदूक त्या पोराकडे देऊन जात जा, सकाळी घ्यायची परत. मी नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी लेटरहेडवर टाईप करून आणलं, माझी बंदूक अमुक इसमास वापरण्यास देत आहे वगैरे, आणि म्हणे मारा सही. अहो साहेब, मालकाच्या पत्रावर दुसऱ्याला बंदूक नेता येते हे खरंय, पण ती दुरुस्तीला, लायसन्स रिन्यूअलला किंवा मालकाच्याच वापरासाठी त्याच्यापर्यंत पोचवायला! खांद्याला अडकवून रात्रभर ड्युटी करायला नाही. तर म्हणाले सगळीकडे असंच चालतं. चालतं की, गस्तीवाल्यांनी लायसन्स दाखव म्हणेपर्यंत. मग त्या पोरावर विनालायसन्स बंदूक बाळगली म्हणून आर्म्स ॲक्टचं कलम 25, 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी 2 वर्षं कैद, माझ्यावर देणारा म्हणून कलम 29, लायसन्स रद्द होतं ते वेगळंच, आणि साहेब म्हणणार आम्हाला काही माहीतच नव्हतं.

मी सही केली नाही, साईट (ती ड्युटी) गेली. आमचे मेहुणे अजून लग्नकार्यात चारचौघात काढतात, एका सहीपायी चालती नोकरी घालवली म्हणून. दाजी, तुम्ही हे वाचणार मला माहितीये, तर वरची कलमं परत एकदा वाचा.

तुम्हाला कुणी "बंदूक कंपनी देईल, तू फक्त उभा राहा" म्हणत असेल तर आधी लायसन्स बघायला मागा. दाखवत नसतील तर सरळ घरी जा, कितीही पगार सांगू देत. बाहेरच्या राज्यातून एजंटकडून लायसन्स काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी तर अजिबात लागू नका, जम्मू-काश्मीरच्या लायसन्सचं प्रकरण सीबीआयपर्यंत गेलंय.

हां, एक राहिलंच, बँकांसारख्या संस्था स्वतःच्या नावावर लायसन्स घेतात आणि त्यावर गार्डचं नाव रिटेनर (संस्थेच्या वतीने बंदूक बाळगणारा) म्हणून चढतं, तिथे बंदूक संस्थेची असते आणि ते कायदेशीर आहे. पण नाव चढलेलं पाहिजे, नुसतं साहेबांनी तोंडी सांगून नाही. आणि स्वतःचं लायसन्स असेल तर यूआयएन (लायसन्सधारकाचा युनिक ओळख क्रमांक) पडलाय का तेवढं बघून घ्या.